झडती आणि जाब

पोलिसांना नागरिकाच्या घरात शिरण्याचा सरसकट अधिकार भारतीय कायद्याने कधीच दिलेला नाही. ठरावीक कारणासाठी, ठरावीक रीतीने आणि मागे लेखी पुरावा ठेवूनच त्यांना उंबरा ओलांडता येतो. दंडाधिकाऱ्याचे झडती वॉरंट असेल, अटक करायची व्यक्ती आत असल्याचे सबळ कारण असेल, किंवा तपासाला आवश्यक वस्तू घरात आहे आणि वॉरंट आणेपर्यंत ती नाहीशी होईल अशी रास्त भीती असेल, तर घरात जाता येते. अमली पदार्थ, दारूबंदी, जुगार यांच्या कायद्यांत आणखी काही वाटा आहेत. त्यांपैकी एकही लागू होत नसताना दार ढकलून आत येणारा गणवेशधारी माणूस कायद्याच्या दृष्टीने घुसखोर ठरतो. पोलिसांच्या अतिरेकाची चर्चा बहुधा मारहाण आणि कोठडीतील मृत्यू यांच्याभोवती फिरते. पण अनेक प्रकरणांत पहिली चूक त्याआधीच, घराच्या दारात झालेली असते. तिथे जो कागद व्हायला हवा होता तो झालेला नसतो, आणि पुढे जाब विचारायची वेळ येते तेव्हा हातात काहीच उरत नाही.

दार वाजवण्यालाही कायद्याने नियम घातला आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४४ नुसार अटकेसाठी आलेल्या पोलिसाने आधी आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगायचे, आत येऊ देण्याची मागणी करायची, आणि तरीही वाट मिळाली नाही तरच दार किंवा खिडकी तोडायची. हा नियम जुन्या संहितेच्या कलम ४७ मधून जसाच्या तसा आला आहे आणि त्याचे मूळ इंग्लंडमधील १६०४ च्या सेमेन खटल्यात सापडते. राजाच्या अंमलदारानेही आधी येण्याचे कारण सांगून दार उघडण्याची विनंती केली पाहिजे, असे त्या निकालाने ठरवले. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. आतल्या खोलीत रिवाजानुसार लोकांसमोर न येणारी स्त्री असेल आणि अटक तिची नसेल, तर तिला बाहेर निघून जाण्याची सूचना आणि सवड दिल्याशिवाय ती खोली फोडता येत नाही. स्त्रीला अटक करायची असेल तर सूर्यास्त ते सूर्योदय या काळात ती करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर कोणत्याही स्त्रीला, पंधरा वर्षांखालील मुलाला, साठ वर्षांवरील पुरुषाला किंवा गंभीर आजारी माणसाला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचे असते. ‘साहेबांनी बोलावलंय, दोन मिनिटं चला’ या नेहमीच्या वाक्याला कायद्यात जागा नाही. लेखी नोटीस मात्र कायद्याला मान्य आहे.

प्रत्यक्ष झडती कशी होते, किंवा कशी व्हायला हवी, ते पंचनाम्यावरून कळते. महाराष्ट्रात पंचनामा हा तपासाचा कणा मानला जातो आणि त्याची भाषा ठरून गेलेली आहे. खाली सह्या करणारे दोन पंच, त्यांची नावे, वय, धंदा, पत्ता; बोलावण्याचे कारण; मग पोलिसांनी आणि पंचांनी घरमालकाला स्वतःची अंगझडती दिली, आक्षेपार्ह काही मिळून आले नाही, ही ओळ. घाईत खरडली जाणारी ही ओळ घरातल्या माणसासाठी मोलाची आहे. बाहेरून काही आणून आत ठेवले गेले नाही, याची ती हमी असते. त्यानंतर घराचे वर्णन येते: दार कोणत्या दिशेला, खोल्या किती, कपाट कुठे, डब्यांची मांडणी कुठे. कोणत्या डब्यातून, कोणत्या कप्प्यातून काय निघाले, त्याचे वजन, खुणा, लाखेचे सील, पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या. शेवटी वेळ: इतके वाजून इतक्या मिनिटांनी सुरू केला, इतक्या वाजता संपवला. कलम १०३ नुसार घरात राहणाऱ्याला झडतीच्या वेळी हजर राहू द्यावेच लागते आणि जप्त केलेल्या वस्तूंच्या यादीची पंचांच्या सह्या असलेली प्रत त्याला द्यावीच लागते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यतेचे भान काटेकोरपणे पाळून घ्यायची असते.

पंच त्याच भागातले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित असावेत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ही अट १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. तिच्यामागचा हेतू सरळ आहे. आरोपीच्या शेजारचा, पोलिसांशी देणेघेणे नसलेला माणूस डोळ्यांनी पाहील आणि उद्या न्यायालयात खरे सांगेल. व्यवहारात ही अट झिजली आहे. सरकारी कामात वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतील या भीतीने शेजारी दार लावून घेतात, आणि ठाण्याच्या आसपास वावरणारा पानटपरीवाला, रिक्षावाला किंवा एखादा जुना ओळखीचा माणूस पंच म्हणून उभा केला जातो. एकच नाव अनेक पंचनाम्यांत दिसते आणि बचाव पक्षाचे वकील ते नेमके दाखवून देतात. मग खरा गुन्हेगारही सुटतो. झडतीच्या नियमांना तपासाच्या वाटेतली अडचण समजणाऱ्यांनी हे विसरू नये. ठेवणीतल्या पंचामुळे निरपराधाला हकनाक त्रास होतो आणि फिर्यादीचीही हानी होते.

वॉरंटविना झडतीचा अधिकार कलम १८५ मध्ये आहे आणि गैरवापर सर्वाधिक इथेच होतो. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने किंवा तपासी अधिकाऱ्याने आपल्याला असे का वाटते याची कारणे आधी लिहायची, काय शोधायचे आहे ते शक्य तितके नेमके नोंदवायचे आणि मगच झडती घ्यायची. या नोंदीच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेल्या पाहिजेत. जुन्या कलम १६५ मध्ये ‘ताबडतोब’ असा शब्द होता. आता तासांची मर्यादा आली, ही सुधारणाच आहे. घरमालकाने अर्ज केल्यास त्या प्रती त्याला विनामूल्य मिळतात. हा हक्क बहुतेकांना ठाऊकच नसतो. कलम १०५ ने आणखी एक पाऊल पुढे टाकले: झडती, जप्ती, यादी करणे आणि साक्षीदारांच्या सह्या या सगळ्याचे दृक्श्राव्य चित्रण, शक्यतो मोबाइलवर, करायचे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. पंचांची जी उणीव वर सांगितली ती काही अंशी यातून भरून निघू शकते. पण कॅमेरा पोलिसाच्याच हातात असतो. तो जिना चढताना सुरू झाला की वस्तू ‘सापडल्यानंतर’, यावर त्या चित्रणाची किंमत ठरते. सलग नसलेल्या चित्रणाकडे न्यायालये कशी पाहतील, यावर या तरतुदीचे भवितव्य अवलंबून आहे.

घरात शिरणाऱ्या सत्तेचा अनुभव महाराष्ट्राला जुना आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात वॉल्टर रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रुग्ण शोधण्यासाठी गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत पाठवल्या. देवघरे, स्वयंपाकघरे, बाळंतिणीच्या खोल्या, कशाचाही विधिनिषेध राहिला नाही. सामान रस्त्यावर आणून जाळले गेले, स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाल्याच्या तक्रारी झाल्या. रोगाला आळा घालणे गरजेचे होते याबद्दल शंका नाही. टिळकांनीही उपायांची गरज नाकारली नव्हती. प्रश्न जाब विचारण्याचा होता. त्याच वर्षी केलेल्या साथरोग कायद्याच्या चौथ्या कलमाने सद्‌हेतूने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल दावा किंवा कारवाई करता येणार नाही, असे संरक्षण देऊन ठेवले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, आणि घरांत काय घडले याचा न्यायालयीन हिशोब कधीच झाला नाही. दाद मागण्याची सनदशीर वाट बंद असली की समाज कुठल्या थराला जातो, हे पुण्याने तेव्हा पाहिले. ते सद्‌हेतूचे कलम २०२० च्या कोरोनाकाळातही त्याच कायद्यात शाबूत होते.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो उत्तर प्रदेशातील खरक सिंग यांच्या अर्जातून. १९४१ मध्ये दरोड्याच्या संशयावरून त्यांना पकडले होते आणि पुराव्याअभावी सोडूनही दिले होते. तरीही पोलिसांनी त्यांचे नाव पाळतीच्या यादीत घातले. रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई दारात येत, हाका मारत, दार ठोठावत, झोपेतून उठवत. कधी घरात शिरत. कोणताही गुन्हा सिद्ध नसलेल्या माणसाला आपल्या घरात सलग झोपही मिळत नव्हती. १८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींच्या पीठाने रात्रीच्या या गृहभेटींना परवानगी देणारा नियम रद्द केला. मात्र बहुमताने त्याच निकालात खासगीपणाचा हक्क राज्यघटनेत नाही असेही म्हटले आणि बाकीची पाळत कायम ठेवली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवून सगळी नियमावलीच घटनाबाह्य ठरवली. घराची शांतता जपायची पण तिच्यामागचा हक्क मान्य करायचा नाही, ही बहुमताची विसंगती पुढे ५५ वर्षे टिकली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आणि खरक सिंग निकालाचा तेवढा भाग मोडीत काढला. आता घरात शिरण्याला कायद्याचा आधार, रास्त उद्देश आणि प्रमाणबद्धता या तिन्ही कसोट्या लागतात. तरी सवय जात नाही. २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की पाळतीच्या नावाखाली संशयिताचे दार रात्री ठोठावण्याचा पोलिसांना अधिकार नाही.

ज्यांच्या घराला दारच नाही, त्यांची स्थिती याहून बिकट आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे गुन्हेगार ठरवली. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला, सोलापुरात काटेरी तारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलिसी नजर तशीच राहिली. भागात कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालांवर पहाटे गाडी येणे, हा मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात ओळखीचा क्रम आहे. पालाला कडी नाही, कोयंडा नाही. ठोठावायचे तरी काय? गाठोडी उलगडली जातात, पीठमीठ सांडते, बाईच्या अंगावरचा दागिना ‘चोरीचा असेल’ म्हणून जातो, त्याची यादी होत नाही, पुरुष हाती लागला नाही तर भावाला किंवा बायकोला नेले जाते. दागिन्याची पावती ज्यांच्याकडे कधीच नसते त्यांच्यावर पावती दाखवण्याचा भार टाकला जातो. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने (१९८७) हे जगणे मराठी वाचकांपुढे आणले. कायद्यातील ‘जागा’ या शब्दात तंबू आणि पालही येतात, हे इथे ठळकपणे सांगायला हवे. कलम १०३ चा पंच आणि कलम १८५ ची लेखी कारणे बंगल्याला जितकी लागू आहेत तितकीच पालाला.

घर म्हणजे केवळ मालकीची वास्तूही नव्हे. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ बेट आणि अक्सा परिसरातील हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी खोल्यांतून सज्ञान जोडपी बाहेर काढली आणि अनेकांवर महाराष्ट्र पोलीस कायद्याचे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाविषयीचे कलम ११० लावले. पैसे देऊन घेतलेली बंद खोली सार्वजनिक ठिकाण कशी, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

या सगळ्या नियमांचा सर्वांत दुबळा सांधा पुराव्याच्या कायद्यात आहे. झडती बेकायदा ठरली तरी तिच्यात मिळालेली वस्तू पुरावा म्हणून चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पूरन मल खटल्यात म्हटले. प्रकरण प्राप्तिकराच्या छाप्याचे होते, पण तत्त्व सर्वत्र लागू झाले. अमेरिकेत १९६१ मध्ये याच्या उलट घडले. क्लीव्हलँडमध्ये पोलीस डॉलरी मॅप या स्त्रीच्या घरात घुसले होते. तिने वॉरंट मागितले तेव्हा एक कागद फडकावला गेला, तिने तो हिसकावला, पोलिसांनी झटापट करून तो परत घेतला, आणि खटल्यात ते वॉरंट कधीच हजर झाले नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही बाद ठरवला. भारतात अमली पदार्थांच्या कायद्यातील अंगझडतीपुरता काहीसा कडक नियम १९९९ च्या बलदेव सिंग निकालाने आणला, त्यापलीकडे फारसे काही नाही. याचा परिणाम सरळ आहे: कारणे न लिहिता दार फोडणाऱ्या अधिकाऱ्याचे खटल्यात सहसा काही बिघडत नाही. ज्या नियमाच्या भंगाची किंमत कोणी मोजत नाही तो पाळला जाईल, अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे.

म्हणून जाब विचारण्याच्या उरलेल्या वाटा महत्त्वाच्या ठरतात. पहिली वाट कायद्यातच आहे, पण तिच्याकडे क्वचित कोणी वळते. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम १४७ नुसार कायदेशीर अधिकार किंवा रास्त कारण नसताना घरात शिरणारा, झडती घेणारा, त्रास देण्यासाठी मालमत्ता जप्त करणारा पोलीस अधिकारी गुन्हेगार ठरतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. सात दशकांनंतर हा आकडा हास्यास्पद आहे आणि तो बदलला पाहिजे. भारतीय न्याय संहितेचे कलम १९९ अधिक कठोर आहे: तपासाच्या पद्धतीविषयीचा कायदा जाणूनबुजून मोडून कोणाचे नुकसान करणाऱ्या लोकसेवकाला किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते.

वाटेतला मोठा अडसर मंजुरीचा. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी ठरावीक दर्जाच्या लोकसेवकावर खटला भरायचा तर सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि राज्याने अधिसूचना काढली तर हे कवच कायदा-सुव्यवस्था राखणाऱ्या दलांतील खालच्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचते. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या फिर्यादींपासून संरक्षण हवे, हे खरेच. पण वर्षानुवर्षे फाइल पडून राहणे म्हणजे संरक्षण नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ने १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे मानले जाईल, अशी तरतूद केली, ती स्वागतार्ह आहे.

दुसरी वाट तक्रार प्राधिकरणाची. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जे सात निर्देश दिले, त्यांत पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण हा एक होता. महाराष्ट्राला कायद्यात दुरुस्ती करायला २०१४ उजाडले. राज्य पातळीवर आणि विभागीय पातळीवर अशी दुहेरी रचना त्यात आहे. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, रीत न पाळता केलेली अटक, खंडणी, अधिकाराचा गंभीर गैरवापर हे तिच्या कक्षेत येतात. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येते. आयोग फक्त शिफारस करतो, तरी त्याच्या नोटिशीने ठाण्यातली डायरी बाहेर येते, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच प्रकरण उलगडते.

तिसरी वाट उच्च न्यायालयाची आणि भरपाईची. ओडिशात १ डिसेंबर १९८७ च्या सकाळी एका २२ वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी घरातून चौकशीला नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेमार्गावर सापडले. त्याच्या आईने, नीलाबती बेहेरा यांनी, सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १९९३ मध्ये न्यायालयाने दीड लाख रुपयांची भरपाई दिली आणि मूलभूत हक्क मोडले तर राज्याला सार्वभौमत्वाच्या आड लपता येणार नाही, असे ठरवले. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेच्या वेळी नावाची पट्टी दिसलीच पाहिजे, अटकेचे टाचण करून त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची सही घेतलीच पाहिजे, असे बंधन घातले. साध्या कपड्यांत, बिनक्रमांकाच्या गाडीतून येणाऱ्या पथकांनी हाच नियम सर्वाधिक पायदळी तुडवला आहे. भरपाईतही एक त्रुटी राहते. पैसे जातात सरकारी तिजोरीतून, म्हणजे लोकांच्याच खिशातून. १७६५ मध्ये इंग्लंडात जॉन एंटिक या लेखकाच्या घरात बेकायदा शिरून चार तास कागद उपसणाऱ्या राजाच्या अंमलदारांवर ३०० पौंडांची भरपाई बसली होती, आणि ती त्या माणसांविरुद्ध होती. रक्कम जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करण्याचा आदेश झाल्याशिवाय त्या निकालाचा अर्थ इथे उतरणार नाही.

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. घरात जे घडते ते त्या कॅमेऱ्याला दिसत नाही. तिथला पुरावा म्हणजे यादीची प्रत, कलम १८५ च्या नोंदी, कलम १०५ चे चित्रण आणि घरातल्या माणसांनी त्याच दिवशी लिहून ठेवलेली हकीकत: किती वाजता आले, गणवेशात होते का, छातीवर नाव काय होते, गाडीचा क्रमांक काय, पंच कोण होते, काय नेले. हे टिपण लगेच करावे आणि प्रतींचा अर्जही लगेच द्यावा, कारण मुदती लहान आहेत. अधिकाराच्या नावाखाली केलेल्या कृत्यांबद्दलच्या कारवाईला महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम १६१ सामान्यतः सहा महिन्यांची मर्यादा घालते, आणि मानवी हक्क आयोग एक वर्षाहून जुन्या घटनेची चौकशी करू शकत नाही. दोन्ही मुदती तक्रार लिहिल्याच्या तारखेपासून मोजल्या जात नाहीत. त्या घटनेच्या दिवसापासून मोजल्या जातात.